पदार्थ आणि प्रमाण

पदार्थ म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या शाळांतून दरवर्षीं लक्षावधि मुलांस विचारला जातो आणि त्याचें उत्तर बहुधा एकाच वाक्यांत मिळतें: जें जागा व्यापतें व ज्याला वस्तुमान असतें तें द्रव्य. त्यामागून दुसरें वाक्य येतें, सर्व द्रव्य अणूंचें बनलेलें आहे. आणि तिसरें येतें, अणु नुसत्या डोळ्यांस दिसत नाहींत. हीं तिन्ही वाक्यें शाळेपुरतीं खरीं आहेत. परंतु तीं ज्या रीतीनें मुलाच्या हातीं पडतात ती रीति पाहिली म्हणजे मनांत एक शंका उभी राहते. जें दिसत नाहीं तें आहे, एवढेंच नव्हे तर सर्वत्र तेंच भरलेलें आहे, असें वडील माणसांनीं सांगावें आणि मुलानें मान डोलवावी, हा प्रकार आमच्या देशांत नवा नाहीं. पूर्वी हीच भाषा दुसऱ्या एका तत्त्वाविषयीं योजिली जात असे, आणि तिजवर विसंबून राहण्यास आम्ही श्रद्धा म्हणत आलों. अणूवर ठेवलेल्या विश्वासास आम्ही विज्ञान म्हणतों. नांव पालटलें म्हणून वस्तु पालटते काय?

हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा आहे असें समजून तो शिक्षणशास्त्रज्ञांच्या स्वाधीन करण्याकडे सामान्य वाचकाचा कल असतो. आमच्या मतें तो नीतीचा प्रश्न आहे. मूल आपल्यापेक्षां दुबळें असतें. आपण सांगूं तें नाकारण्याचें सामर्थ्य त्याच्या ठायीं नसतें. अशा दुबळ्याच्या मनांत एखादें मत घालतांना, तें मत खरें असलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, कीं तें खरें कां मानावें हें पारखण्याचें साधनही त्याच्या हातीं देणें आपणांस बंधनकारक आहे? उसनें आणलेलें धान्य आणि आपल्या शेतांत पिकविलेलें धान्य मापांत सारखेंच भरतें; परंतु पुढच्या पेरणीची विद्या दोघांपैकीं एकालाच साधलेली असते.

आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाच्या साधनांस प्रमाण ही संज्ञा दिली आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द असे त्याचे चार भेद मानले. इंद्रियांस जें गोचर होतें तें प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नि ओळखणें हें अनुमान. आणि विश्वासार्ह माणसाचें, म्हणजे आप्ताचें, वचन तें शब्दप्रमाण. ह्या भाषेंत बोलावयाचें तर आमचा विद्यार्थी अणूचें ज्ञान केवळ शब्दप्रमाणानें मिळवितो. जेथें दुसरें साधनच नाहीं तेथें शब्दावर भागवावें लागतें, हें खरें. परंतु जेथें प्रत्यक्ष व अनुमान हीं दोन्ही हाताशीं आहेत तेथें नुसता शब्द देऊन मोकळें होणें, ही आम्हांस कर्तव्यच्युति वाटते.

ह्या विचारासाठीं आम्ही हिंगोली जिल्ह्याचें उदाहरण घेतों, तें सहेतुक आहे. १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झालेला मराठवाड्यांतील हा लहानसा जिल्हा मुख्यतः शेतीवर जगतो. त्यांतील वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जाणारें नर्सी ह्याच जिल्ह्यांत आहे, आणि ज्योतिर्लिंगांत गणलें जाणारें औंढा नागनाथही येथेंच. त्याच औंढ्याजवळ दुधाळा गांवच्या परिसरांत गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्याचें ठरलें आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें तिला २०१६ सालीं तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ सालीं सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. परस्परांशीं काटकोन करणाऱ्या, चार चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांत टांगलेले आरसे, आणि त्या आरशांमधून येरझारा घालणारा लेसर प्रकाश, असें तिचें स्वरूप आहे. दूर आकाशांत दोन कृष्णविवरें एकमेकांत मिसळलीं म्हणजे अवकाशांतच एक लहर उठते. तिच्या योगानें आरशांमधील अंतर किंचित् कमीजास्त होतें. हा फरक अणूच्या गर्भांतील प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून लहान असला तरी कळावा, अशी ह्या यंत्राची योजना असते.

आतां औंढ्याच्या वा दुधाळ्याच्या शाळेंतील एखादें मूल डोळ्यांपुढें आणावें. मनुष्यजातीनें आजवर केलेल्या अत्यंत सूक्ष्म मापनांपैकीं एक त्याच्या शिवाराशेजारीं व्हावयाचें आहे. त्या मुलापाशीं जर वर सांगितलेलीं तीन वाक्यें तेवढीं असतील, तर ती वेधशाळा त्याला कशी वाटेल? आमचें उत्तर असें कीं, ती त्याला दुसरें देवस्थान वाटेल. एक काळ्या पाषाणाचें, दुसरें पोलादाचें. एकापुढें हात जोडावयाचे, दुसऱ्यापुढें तोंड वासावयाचें. ह्यांत देवळाचा अपमान नाहीं, कारण देवळांत हात जोडण्यासाठींच जावयाचें असतें. अपमान होईल तो वेधशाळेचा. जी वस्तु तपासण्यासाठीं उभी केली, तिचेंच दर्शन घेऊन लोक परत फिरले, तर तिचा हेतु त्या गांवापुरता फसला असें म्हटलें पाहिजे.

मग त्या मुलास द्यावें काय? त्याच्या घरांत जें आहे तेंच. हळदीचे कंद जमिनींतून काढून शिजवितात आणि उन्हांत वाळवितात. वाळल्यावर ओल्या मालाच्या सुमारें पांचवा हिस्सा वजन उरतें, हें शेतकऱ्याच्या पोरास पाठ्यपुस्तकावांचून ठाऊक असतें. त्यास एवढेंच विचारावें: पांच क्विंटलांतले चार क्विंटल गेले कोठें? मूल म्हणेल, पाणी होतें, तें उडून गेलें. उडून गेलें म्हणजे नाहींसें झालें, कीं दुसऱ्या रूपानें कोठें तरी आहे? येथें खरें पदार्थविज्ञान सुरू होतें. ओल्या हळदीच्या चकत्या कांचेच्या बरणींत घालून झांकण घट्ट लावावें व ती उन्हांत ठेवावी. आंतल्या भिंतीवर थेंब जमतात, चकत्या आकसूं लागतात, परंतु तराजूंत घातलेली बरणी पहिल्याइतकीच भरते. झांकण काढून ठेवलें तर मात्र दिवसागणिक हलकी होत जाते. एवढ्या दोन तोलण्यांवरून मुलाच्या हातीं एक अनुमान येतें: जें डोळ्यांआड झालें तें नाहींसें झालें नव्हतें, तें झांकणाआड होतें, आणि न दिसणाऱ्या वाफेलाही वजन असतें. 'वायुरूप पदार्थास वस्तुमान असतें' हें वाक्य पाठ करणें आणि ह्या निष्कर्षास स्वतः पोंचणें, ह्यांत जें अंतर आहे तेंच आमच्या ह्या लेखाचा विषय आहे.

हीच हळद आणखीही शिकविते. तिच्यांत चुन्याची निवळी टाकली कीं ती लाल होते. कुंकू करण्याची जुनी कृति ह्याच गुणावर आधारलेली आहे. त्या लाल लगद्यांत पुरेसें लिंबू पिळलें कीं पिवळेपणा परत येतो. ही लाली आली कोठून? हळदींत ती नव्हती, चुन्याच्या निवळींतही नव्हती. पिवळा रंग परत येतो त्या अर्थीं मूळ द्रव्य जळून संपलेलें नाहीं. त्याच्या सूक्ष्म घटकांच्या मांडणींत कांहीं फरक झाला असावा, जो उलटवितां येतो. पदार्थाचे गुण हे त्याच्या अंगावर चढविलेला लेप नसून आंतल्या रचनेचा परिणाम असतात, हें रसायनशास्त्राचें मुख्य रहस्य देवघरांतल्या कोयरींत असें सांपडतें. मूल तें शब्दांत मांडूं शकणार नाहीं. पण 'कां' हा प्रश्न त्याच्या मनांत रुजेल, आणि तेवढें आरंभास पुरे आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, वाफ व रंग ठीक आहेत, परंतु कण केवढा असतो हें कांहीं घरीं कळावयाचें नाहीं. हा समज चुकीचा आहे. लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर बेंजामिन फ्रँकलिननें चमचाभर तेल ओतलें. तें सुमारें अर्धा एकर पाण्यावर पसरलें आणि तेवढें पाणी आरशासारखें शांत झालें, असें त्यानें १७७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत नमूद केलें आहे. चमचा पांच घन सेंटिमीटरचा आणि अर्धा एकर म्हणजे सुमारें दोन हजार चौरस मीटर धरलें, तर साध्या भागाकारानें त्या तेलाच्या थराची जाडी मिलिमीटरच्या चार लाखाव्या भागाइतकी येते. द्रव्य जर अखंड असतें, तर तें ह्याहून पातळ होत जाण्यास हरकत कोणती? तें एका मर्यादेस थांबतें, कारण कणाहून पातळ थर होणें शक्य नाहीं. म्हणजे ही जाडी आपणांस कणाच्या आकारमानाचा अंदाज देते. फ्रँकलिननें हा विचार एवढ्यापर्यंत नेला नाहीं. पाण्यावरील तेलाच्या थराची जाडी पुढें १८९० सालीं लॉर्ड रॅले यांनीं मोजली.

ह्या कथेंतील सर्वांत मनोवेधक व्यक्ति मात्र ह्या दोघांहून वेगळी आहे. जर्मनींतील ब्राउनश्वाइग ह्या शहरीं आग्नेस पॉकेल्स नांवाची एक तरुणी आईवडिलांचें घर सांभाळीत असे. तिच्या उमेदीच्या काळीं तेथील विद्यापीठांचीं दारें स्त्रियांस बंद होतीं. भांडीं घासतांना पाण्यावरील स्निग्ध थराकडे तिचें लक्ष गेलें, आणि एका पत्र्याच्या पसरट भांड्याच्या साहाय्यानें तिनें त्या थराचे गुणधर्म मोजले. आपले निष्कर्ष तिनें रॅले यांस कळविले आणि त्यांच्या शिफारशीनें ते १८९१ सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. आमच्या घरांतून अजूनही 'हें तुमच्या अभ्यासांत नाहीं' असें जें ऐकूं येतें, त्याला ह्याहून चोख उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं. स्वच्छ परातींत पाणी घ्यावें, तें स्थिर झाल्यावर अंगाला लावावयाची पावडर त्यावर विरळ भुरभुरावी, आणि सुईच्या टोकास लागेल एवढेंच तेल मध्यभागीं टेंकवावें. पावडर झटकन् कडेस सरते व मध्यें मोकळें वर्तुळ पडतें. त्या वर्तुळांत जो अदृश्य थर पसरलेला असतो तोच क्लॅपहॅमच्या तळ्यावरचा. अदृश्याची सीमा अशी डोळ्यांनीं पाहतां येते.

अणूची कल्पना मुळांत आमच्याच कणाद मुनींची, मग परक्या तळ्यांचे दाखले कशास, असा आक्षेप ह्या ठिकाणीं अपेक्षित आहे. वैशेषिक दर्शनाविषयीं आम्हांस आदर आहे, आणि आदर आहे म्हणूनच तें नीट वाचलें जावें असें वाटतें. त्या दर्शनांत 'पदार्थ' ह्या शब्दाचा अर्थच निराळा आहे. ज्याचा शब्दानें बोध होतो तें सर्व पदार्थ, आणि द्रव्य हा त्यांतील केवळ एक भेद. खिडकींतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेंत जो कण तरंगतांना दिसतो त्यास त्या परंपरेनें त्रसरेणु म्हटलें व तो सहा परमाणूंचा बनलेला मानला. विभागणीस कोठें तरी अंत हवा, ह्याला दिलेला युक्तिवाद तर फारच मार्मिक आहे: प्रत्येक वस्तूचे भाग अनंत असतील, तर मेरु पर्वत आणि मोहरीचा दाणा हे सारख्याच मापाचे ठरतील. युक्तिवाद सुंदर आहे, पण त्यांत तराजू नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं डाल्टननें जो अणु मांडला तो वजनांच्या प्रमाणांतून मांडला. पाण्यांत हायड्रोजनच्या एका भारास ऑक्सिजनचे आठ भार, हें प्रमाण विहिरीच्या पाण्यांत आणि पावसाच्या पाण्यांत एकच कां, ह्याचें उत्तर म्हणून मांडला. कणादांचे परमाणु पृथ्वी, आप, तेज व वायु अशा चार जातींचे; आज आपण ११८ मूलद्रव्यें जाणतों. दोहोंस एक म्हणणें हा दोघांवरही अन्याय आहे. शिवाय 'आमच्या पूर्वजांस हें सर्व ठाऊक होतें' असें मुलास सांगणें म्हणजे एका शब्दप्रमाणाच्या जागीं दुसरें देणें, आणि तेंही अहंकारास गोड लागणारें. त्यापेक्षां मेरु आणि मोहरी ह्यांचें कोडें त्याच्यापुढें ठेवावें व त्यास त्याच्याशीं झगडूं द्यावें. पूर्वजांचा मान त्यांच्या निष्कर्षांची आरती करण्यानें वाढत नाहीं, त्यांच्यासारखा विचार करण्यानें वाढतो.

अणु आहे कीं नाहीं ह्याविषयीं शंका बाळगणें हें अडाणीपणाचें लक्षण नव्हे, हेंही मुलांस कळलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांसारखे प्रथम श्रेणीचे शास्त्रज्ञ अणूचें अस्तित्व मानावयास तयार नव्हते. हिशेबाच्या सोयीसाठीं अणु घ्या, परंतु जो कोणीं पाहिला नाहीं त्यास खरा म्हणूं नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रॉबर्ट ब्राउन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२७ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं एक चमत्कार पाहिला होता. पाण्यांत तरंगणारे परागांतील बारीक कण अखंड थरथरत होते. पाण्याचे अदृश्य रेणु त्यांस सर्व बाजूंनीं धक्के देतात असें मानलें तर ही थरथर किती असावी, ह्याचें गणित आइन्स्टाइननें १९०५ सालीं मांडलें आणि पुढील कांहीं वर्षांत झां पेरँ यांनीं तें प्रयोगानें पडताळून पाहिलें. आंकडे जुळले. तेव्हां ओस्टवाल्डनें आपलें मत जाहीरपणें बदललें. रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें तें १९०९ सालीं, ह्याच सुमारास. कीर्तीच्या शिखरावर असतां मत बदलणें ह्यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं. आमच्या पाठ्यपुस्तकांत अणूची आकृति असते, पण अणु न मानणाऱ्या ह्या प्रामाणिक माणसाची गोष्ट क्वचितच असते. आणि आम्हांस तर ती आकृतीहून अधिक मोलाची वाटते.

एवढ्यावरून, आम्ही शब्दप्रमाण सर्वस्वी टाकून द्यावयास सांगतों असा ग्रह कोणी करून घेऊं नये. तें अशक्य आहे. पेरँचे प्रयोग प्रत्येक शाळेंत होणार नाहींत, आणि चार किलोमीटरच्या नळींतील लेसर तर भल्या भल्या प्राध्यापकांसही तपासतां यावयाचा नाहीं. मनुष्याचें बहुतेक ज्ञान दुसऱ्याच्या सांगण्यावरच उभें असतें. प्रश्न एवढाच कीं, आप्त कोणास म्हणावें? आमच्या मतें जो सांगतांना आपल्या विधानाच्या पडताळ्याची वाटही दाखवितो, आणि कोणती गोष्ट घडली असतां आपलें विधान खोटें ठरेल हेंही सांगून ठेवतो, तो आप्त. जो 'मी म्हणतों म्हणून' असें म्हणतो, तो ऋषि असो वा रसायनशास्त्राचा प्राध्यापक असो, आप्तपदास पोंचत नाहीं. ज्या मुलानें बरणी स्वतः तोलली, त्यास उद्यां वेधशाळेंतील शास्त्रज्ञाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला तरी तो डोळस विश्वास असेल. कारण तपासणें म्हणजे काय ह्याची चव त्यानें एकदां घेतलेली असेल. ज्यानें कधींच कांहीं तोललें नाहीं त्याला शास्त्रज्ञाचें वचन आणि भ्रमणध्वनीवर आलेला कोणताही छापील मजकूर हीं दोन्ही सारखींच प्रमाण वाटणार.

औंढ्याच्याच संबंधानें सांगितली जाणारी एक आख्यायिका ह्या ठिकाणीं आठवते. नामदेव गुरूच्या शोधांत तेथें आले असतां विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले त्यांस दिसले. नामदेवांनीं त्यांस पाय काढावयास सांगितलें. विसोबा म्हणाले, मी थकलों आहें. जेथें देव नसेल तेथें माझे पाय तूंच उचलून ठेव. नामदेवांनीं पाय उचलून जेथें जेथें ठेवावे तेथें तेथें पिंडी उभी राहूं लागली. ह्या कथेंतून पदार्थविज्ञान काढण्याचा मोह कोणास झाला तर तो त्यानें आवरावा. ती भक्तीची कथा आहे व तिचा विषय निराळा आहे. आम्हांस तिच्यांत दिसते ती शिकविण्याची रीति. देव सर्वत्र आहे, हें वाक्य नामदेवांस ठाऊक नव्हतें काय? शेंकडों कीर्तनांतून त्यांनीं तें ऐकलें असेल. विसोबांनीं तें पुन्हां ऐकविलें नाहीं. त्यांनीं नामदेवांच्याच हातीं पाय दिले आणि म्हटलें, पाहा ठेवून. जो गुरु आपलें म्हणणें शिष्याच्या हातून तपासून घेतो, तो ज्या मातींत होऊन गेला असें लोक मानतात, त्याच मातींतील शाळेंत विज्ञान मात्र नुसतें ऐकवून शिकविलें जावें, हा विपर्यास नव्हे तर काय?

पडताळ्याच्या वाटेनें शिकविण्याचा दुसरा एक लाभ आहे: तीच वाट ज्ञानाच्या मर्यादेपर्यंतही नेते. 'द्रव्य निर्माण होत नाहीं व नष्टही होत नाहीं' असें मुलांस शिकवितात. लव्हाझिएनें १७८९ सालीं हा नियम स्पष्ट शब्दांत मांडला, आणि बरणीच्या प्रयोगांत आपणांस त्याचाच प्रत्यय आला. परंतु तो निरपवाद आहे काय? १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील लायगोच्या दोन वेधशाळांनीं पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सुमारें १३० कोटि प्रकाशवर्षांच्या अंतरावर, सूर्याच्या सुमारें ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाचीं दोन कृष्णविवरें एकरूप झालीं होतीं. बेरीज ६५ यावयास हवी. उरलेलें विवर सुमारें ६२ पटींचें निघालें. मग तीन सूर्य गेले कोठें? हळदीचे चार क्विंटल हवेंत सांपडले. हे तीन सूर्य कोणत्याही बरणींत सांपडण्यासारखे नाहींत. तें वस्तुमान ऊर्जेच्या रूपानें लहर होऊन विश्वांत पसरलें, आणि आइन्स्टाइनच्या समीकरणाप्रमाणें हिशेब जुळला. म्हणजे वस्तुमान एकटें टिकत नाहीं. वस्तुमान व ऊर्जा ह्यांचा एकत्र हिशेब टिकतो. शाळेंतला नियम खोटा ठरला असें नव्हे, तो आपल्या हद्दींत खरा ठरला. दुधाळ्याची वेधशाळा उद्यां जो प्रश्न विचारील तो वसमतच्या वाळवणावर विचारलेलाच प्रश्न आहे: गेलें कोठें?

'जागा व्यापणें' ह्या दुसऱ्या लक्षणाचेंही तेंच. रदरफोर्डनें १९११ सालीं दाखविलें कीं अणूचें जवळजवळ सारें वस्तुमान मधल्या एका अतिसूक्ष्म गर्भांत एकवटलेलें असतें. अणूचा व्यास त्या गर्भाच्या व्यासाच्या हजारों पट मोठा असतो. मग औंढ्याच्या देवळाचा दगड टणक कां? हात त्यांतून आरपार कां जात नाहीं? ह्याचें उत्तर विद्युत्भारांच्या परस्पर वर्तनांत आहे, आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेंत राहूं शकत नाहींत ह्या १९२५ सालच्या पाउलीच्या नियमांत आहे. दहा वर्षांच्या मुलास हें सारें समजावयाचें नाहीं, आणि समजाविण्याचा आग्रहही धरूं नये. परंतु 'जागा व्यापणें' हें उत्तर नसून एक प्रश्न आहे, एवढें त्यास कळूं देण्यास काय हरकत आहे?

हरकती घेतल्या जातात, आणि त्या अगदींच पोकळ नाहींत. पहिली वेळेची. वर्गांत साठ मुलें, वर्षअखेर परीक्षा, आणि बरणी उन्हांत वाळावयास चार दिवस. शिक्षकानें करावें काय? ही अडचण खरी आहे, आणि ती एकट्या शिक्षकाच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. परंतु ज्या प्रयोगास बरणी, तराजू आणि ऊन एवढेंच लागतें, त्याची जागा शाळा नसून घर आहे. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. प्रत्येक नियमास मर्यादा असते असें कोंवळ्या वयांत सांगितलें तर मुलाची बुद्धि डळमळीत होईल, त्यास कशावरच भरंवसा उरणार नाहीं, असें पुष्कळांस प्रामाणिकपणें वाटतें. आमचा अनुभव असा आहे कीं भरंवसा उडतो तो मर्यादा सांगितल्यानें नव्हे, लपविल्यानें. जें अबाधित म्हणून शिकविलें तें वरच्या वर्गांत गेल्यावर बाधित निघालें, म्हणजे मुलाच्या मनांतून तो नियमच नव्हे तर शिकविणाराही उतरतो. उलट, 'एवढ्या हद्दींत हें पक्कें, त्यापलीकडची गोष्ट पुढें पाहूं' असें ज्यास सांगितलें, त्याला पुढचा वर्ग हा विश्वासघात वाटत नाहीं, प्रवास वाटतो.

तेव्हां ह्या प्रश्नाचा अंतिम भार आम्ही सुशिक्षित घरांवर टाकतों. मूल एखादे दिवशीं जेवतां जेवतां विचारतें, 'अणु असतो हें तुम्हांला कसें ठाऊक?' त्या वेळीं बापापुढें तीन वाटा असतात. 'पुस्तकांत लिहिलें आहे' असें म्हणून घांस उचलावा. 'उगीच डोकें खाऊं नकोस' म्हणून दटवावें. अथवा उठून परातींत पाणी घ्यावें. पहिल्या दोन वाटा सोप्या आहेत आणि त्यांनीं मुलाचे गुण कमी होत नाहींत. परंतु त्यांनीं मुलास हें शिक्षण मिळतें कीं, सत्य हें कोणाच्या तरी ताब्यांत असतें व तें मागून घ्यावयाचें असतें. एकदां ही संवय जडली म्हणजे तें माणूस पुढें पुढाऱ्याकडून, बाजाराकडून आणि गर्दीकडून आपलें सत्य मागून घेत राहतें, आणि त्या वेळीं आपण त्यास दोष देतों.

अणूचें ज्ञान पुष्कळांस आयुष्यांत उपयोगीं पडणार नाहीं. हळद पिकविणारा अणूवांचून हळद पिकवील, कापड विकणारा त्यावांचून कापड विकील. तरी प्रत्येक मुलास पदार्थाचें स्वरूप शिकवावें असें आम्ही म्हणतों, तें एवढ्यासाठीं कीं, न दिसणाऱ्या गोष्टीविषयीं खरें काय हें शोधण्याची जी एकच सचोटीची रीति मनुष्यास सांपडली आहे, ती शिकण्यास ह्याहून सोपा विषय नाहीं. ह्यांत देव, पंथ, पक्ष कोणी दुखावत नाहीं. ऊन, पाणी, तेल आणि तराजू ह्यांवर सारें भागतें. पदार्थ जड असतो असें म्हणतात. पण त्याच्यापाशीं एक गुण आहे जो आपणां चेतनांस दुर्मिळ आहे. विचारणारा कोणीही असो, तो सर्वांस एकच उत्तर देतो. मुलास त्याच्यासमोर नेऊन उभें करणें आणि आपण थोडें बाजूस होणें, हें वडीलकीचें कर्तव्य होय.